आलेखाची शेपटी

प्लास्टिकची एकच भुकटी सात प्रयोगशाळांना वाटली होती. तिच्यातले रेणू किती लांब आहेत ते प्रत्येकाने मोजायचं आणि मग सगळ्यांची पद्धत एकसारखी करायची, यासाठी आम्ही जमलो होतो. पडद्यावर सात आलेख आले. सहा एकमेकांवर चपखल बसले. सातव्याची शेपटी मात्र लांब पसरली होती.

मागच्या रांगेतल्या बाई उभ्या राहिल्या. लहानशा प्रयोगशाळेतून त्या एकट्याच आल्या होत्या. “आमचंच काहीतरी चुकलं असेल,” असं म्हणून त्या हातातला कागद तळव्याने सारखा करत राहिल्या. त्या कागदाला एकही सुरकुती नव्हती.

मी चहा ढवळत बसलो. शेपटी म्हणजे भुकटीतले तोकडे रेणू. आमच्याही आलेखात ते होते. पण निकाल पाठवण्याआधी मी दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या मित्राला फोन करून त्याचा सरासरी लांबीचा आकडा विचारला, आणि तो जुळेपर्यंत आमची शेपटी कापत गेलो. बाकीच्यांनीही तेच केलं असेल का? चारचौघांत वेगळं दिसायची भीती शाळेतच लागते. पुढे आपण तिला एकमत म्हणायला शिकतो. बोलायला हवं होतं. चहा निवला, तरी मी ढवळतच होतो.

निघताना बाईंनी मला दारात गाठलं. “सर, तुमचं किती छान जुळलं! कसं करता ते एकदा दाखवाल का?”

“या की कधीही,” मी म्हणालो.

त्यांनी मला हात जोडले.