रायरांनी न केलेलं काम

ॲम्प्लिफायर उघडण्याआधी रायर मालकाला त्यावर वाजवायला लावत. "रोग्याला आधीं बोलूं द्या, मग पोट उघडूं," असं त्यांचं म्हणणं. चेन्नईत, तिरुवल्लिक्केणीतल्या एका गल्लीत, अंधाऱ्या जिन्याच्या टोकाला त्यांची दुरुस्तीची खोली होती. मूळचे तंजावरचे मराठी. आजूबाजूचे तमिळ लोक त्यांना रायर म्हणत, म्हणून आम्हीही. त्यांच्याकडे यायची ती सगळी केस वाढवलेली गिटारवाली मुलं. त्यांत मी, बँकेतला, पोट सुटलेला, एकच गाणं येणारा, तेही अर्धं. ते अर्धं वाजवलं. रायर डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "यंत्रांत दोष आहे, तो जाईल. बाकीचा माझ्याच्यानें जाणार नाहीं."

ॲम्प्लिफायर आमच्या काकांचा. काका पेरंबूरला रेल्वेत होते. एका हॉटेलचा बँड मोडला, तेव्हा हा वॉल्व्हचा अवजड डबा त्यांनी घरी आणला. तो शॉक देई, म्हणून काका रबरी चपला घालूनच गिटार वाजवत. देवासमोर चपला काढायच्या आणि गिटारसमोर घालायच्या, असा आमच्या घरचा नियम होता. काका गेल्यावर गिटार, डबा आणि चपला माझ्याकडे आल्या. दर शुक्रवारी संध्याकाळी मी वाजवायला बसे. बायकोला तेव्हाच भाजी आठवे, मुलगी हेडफोन लावी. काकू मात्र खुर्ची पुढे ओढून, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐके. घरात एक तरी रसिक आहे, या समजावर मी बरीच वर्षं काढली.

मग डब्यातून जळका वास येऊ लागला. आवाज मधेच बसे. काकूने खुर्ची ओढणं बंद केलं. तक्रार नाही, एकदाच विचारलं, "होईल का रे पहिल्यासारखा?" म्हणून मी रायरांचा जिना चढलो.

नम्रता रायरांना ठाऊक नव्हती. या गावात तुमच्याहून चांगला कोणी आहे का, असं मी चाचरत विचारलं, तर म्हणाले, "होता एक. मीच, तरुणपणीं." घरघरीचा त्यांना मनापासून तिटकारा. ऐकायला बसले की खोलीतला पंखासुद्धा बंद करत. चेन्नईच्या उकाड्यात गिऱ्हाईक वितळलं तरी चालेल. त्यांनी जुने कपॅसिटर काढले, वॉल्व्ह बदलले, तीन पिनांची वायर लावून शॉक घालवला, नवा स्पीकर बसवला. काढलेले भाग मात्र पिशवीत बांधून परत देत. "हाडें घरीं न्या. उगा शंका नको."

डबा आणायला मी नेमका आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या दिवशी गेलो. बँकेला सुट्टी, एवढंच माझ्या डोक्यात. बघतो तर आमचा डबा पक्कड आणि सोल्डरिंगच्या कावियाशेजारी पाटावर, कपाळी चंदन-कुंकू लावून बसलेला. जरा लावून तर बघू, म्हणालो. रायरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी हात मागे बांधून घेतले. "आज त्याजवर सरस्वती बसली आहे. उद्यां विजयादशमी. काकूंना घेवोन या."

दुसऱ्या दिवशी काकू रेशमी साडी नेसून, कठडा धरत जिना चढली. रायरांनी पंखा बंद केला. मी वाजवलं. सूर इतके स्वच्छ, की माझी प्रत्येक चूक वेगळी ऐकू आली. रायर काकूकडे पाहत होते, कौतुकाच्या तयारीने.

"छान झालाय हो," काकू म्हणाली. मग थोड्या वेळाने, पदराशी चाळा करत, "पण यात आमचे हे नाहीत."

काका वाजवत तेव्हा सुराखाली एक घरघर असे, ती हवी होती. म्हणजे जुन्या स्पीकरचा फाटका कागद. "हा वाजवायचा तेव्हा मी तेवढीच ऐकत बसायचे," तिने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं. रायरांनी माझ्याकडे पहिल्यांदाच सहानुभूतीने पाहिलं.

मग त्यांनी उठून पंखा लावला. आमच्या पायाशी हाडांची पिशवी होती, ती आपल्याकडे ओढून घेतली. "अम्मा, आयुष्यभर मी हेंच काढत आलों," एवढंच म्हणाले.

आठवड्याने डबा आला. फाटका स्पीकर नव्याशेजारी बसवलेला, मागे एक छोटं बटण: वर केलं की नवा, खाली केलं की काका. आत रायर आपल्या नावाची चिठ्ठी डकवत, ती खरवडून काढलेली. सोबत निरोप: "कोणी पुसलें, तर हें काम रायराचें नव्हे म्हणा."

या पोंगलच्या आधी रायर गेले. त्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. परवा शुक्रवारी मुलीचा एक गिटारवाला मित्र घरी आला होता. बटण खालीच होतं. दोन सूर ऐकून तो म्हणाला, "अंकल, स्पीकर फाटलाय. रिपेअर कोणी केला हा? फसवलंय तुम्हाला."

काकूने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

"कोणी का असेना," मी म्हणालो, "रायर नव्हेत, एवढं नक्की."

रायर कोण, ते त्या मुलाला कळलं नाही. काकूने डोळा मिटला. आता शॉक बसत नाही, तरी मी पायांतल्या काकांच्या चपला नीट सारख्या केल्या आणि पुढे वाजवायला लागलो.