अहमदपूरच्या बाईची कहाणी

नांदेडच्या एका संस्थेत मी प्रकल्प प्रस्ताव लिहायचो. लिहायचो म्हणजे काय, जुना प्रस्ताव उघडायचा, गावाचं नाव बदलायचं आणि देणगीदारांना त्या वर्षी आवडणारे शब्द चार ठिकाणी पेरायचे. कामाला वाघ आहे, असं आमचे साहेब म्हणायचे. मलाही ते खरं वाटायचं, हीच तर पंचाईत.

इस्लापूरकडच्या एका गावात बायकांच्या बचत गटाला डाळ मिल हवी होती. गटाची अध्यक्ष तिशीतली, चुणचुणीत बाई. तिचा नवरा मुदखेडला गवंडीकाम करायचा, दर आठवड्याला घरी यायचा. प्रस्तावाला एका बाईची कहाणी जोडावी लागते. मुदत त्याच संध्याकाळी संपत होती आणि मी तिच्याशी दोन शब्दही बोललो नव्हतो. अहमदपूरच्या जुन्या प्रस्तावात नवऱ्यानं टाकलेल्या एका बाईची कहाणी पडून होती. मी तीच उचलली, वर हिचं नाव आणि फोटो चिकटवला. म्हटलं, कोण वाचतंय!

देणगीदारांनी वाचली. पुढच्या महिन्यात पुण्याहून त्यांच्या एक मॅडम पाहणीला आल्या. समाजमंदिरात गाव जमलं होतं. मॅडमनी हातातला कागद बघून अगदी मायेनं विचारलं, "ताई, नवऱ्यानं सोडल्यावर तुम्ही कशा सावरलात?"

शेजारी तिची सासू बसलेली. अध्यक्षबाईनं माझ्याकडे पाहिलं. 'मॅडम, चूक माझी आहे,' एवढंच म्हणायचं होतं. मी मान खाली घातली. तिला काय समजायचं ते समजलं. मंगळसूत्र पदराखाली सारून ती म्हणाली, "सावरावंच लागतंय ना, मॅडम. गटाच्या बाया हायेत माझ्या पाठीशी." मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं. सासू उठून गेली.

जीपपाशी तिनं मला गाठलं. "सर, बरोबर बोलले ना मी? मिल भेटंल ना?"

मी भेटेल म्हणालो आणि दार ओढून घेतलं.

मिल मंजूर झाली. ऑफिसात पेढे वाटले गेले. गावात मात्र धडधाकट नवऱ्याला चारचौघांत नाकारणारी बाई म्हणून तिची टिंगल सुरू झाली. तिनं अध्यक्षपद सोडलं. उद्घाटनालाही ती आली नाही. नारळ फोडताना मला स्वतःची इतकी लाज वाटली की परतताना मी मुदखेडला गाडीतून उतरलो आणि तिच्या नवऱ्याचं काम कुठं चाललंय ते शोधून काढलं.

तो एका भिंतीला गिलावा करत होता. मी सगळं सांगून टाकलं. कहाणी दुसऱ्याच बाईची, चूक माझी, तिचा काडीचाही दोष नाही. त्याची थापी काही थांबली नाही.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "त्याच दिशी फोनवर सांगितलं तिनं. लई रडून राहिली होती." मग थापी घमेल्यात ठेवून तो माझ्याकडे वळला. "कागदावर काय लिहिलं ते जाऊ द्या, सर. पण ती बोलली तवा तुम्ही तिथंच बसले होते ना?"

"समोरच होतो," मी म्हणालो.