तांब्या कुणी भरला?

सराव परीक्षेचे अकरा पेपर माधवी गराडे तपासायला बसल्या आणि तिसऱ्याच पेपरावर अडल्या. तिन्ही पेपरांत एकच वाक्य होतं : ‘कवीने प्रतिमांचा समर्पक वापर करून हृदयस्पर्शी आशय मांडला आहे.’ बाकीचे पेपर त्यांनी भराभर उलटले. अकरापैकी नऊ जणांकडे ते वाक्य निघालं. कविता एका विहिरीवरची, अगदी सरळ. प्रतिमा म्हणावी अशी तिच्यात एकही नव्हती.

माधवीबाई लोणावळ्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवतात, तासिका तत्त्वावर. तेरा वर्षं झाली, दर जूनला नेमणूक नव्यानं होते. माहेर इंदुरीचं; आता तुंगार्लीत दोन खोल्यांत राहतात. तृतीय वर्षाच्या मुलांना पेपरात एक प्रश्न असतो : आधी कधीही न वाचलेली कविता देतात आणि तिचं रसग्रहण करायला सांगतात. वीस गुण. या प्रश्नाला पाठांतर चालत नाही, म्हणून मुलं त्याला घाबरतात आणि म्हणूनच बाईंना तो आवडतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर ‘समर्पक’, ‘हृदयस्पर्शी’, ‘भावपूर्ण’ असे तीन शब्द लिहिले आणि त्यांवर फुली मारली.

“हे बंद.”

“मग लिहायचं काय, मॅडम?” विक्कीनं विचारलं.

“दिसतं ते. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, क्रियापद कुठलं आहे. चांगलं-वाईट नंतर बघू.”

पण अडचण वेगळीच होती. बाई कविता द्यायच्या आणि तासाभरात विक्की ती मोबाइलवर शोधून काढायचा, कुणीतरी लिहिलेल्या रसग्रहणासकट. पुस्तकात नाही, मोबाइलवर नाही, अशी कविता आणायची कुठून? शेवटी एका रविवारी सकाळी बाईंनी स्वतःच एक लिहिली. कॉलेजात असताना लिहायच्या, त्यानंतर प्रथमच. सोमवारी ती वर्गात वाटली. खाली नाव घातलं नाही.

आबा येतात, चपला दाराशी काढतात,
पाटावर बसतात.
तांब्या भरलेला असतो.
भाकरी ताटात आलेली असते.
दिवा लागलेला असतो.
आबा विचारतात, आज काय शिकलीस?
मी सांगत राहते,
ते ऐकता ऐकता पेंगतात.

आबा म्हणजे त्यांचे वडील, महिपती. तळेगावच्या एका कारखान्यात होते, जाऊन नऊ वर्षं झाली. वर्गाला हे ठाऊक नव्हतं. तेजल म्हणाली, वडिलांचं प्रेम दिसतं. विक्की म्हणाला, दमलेपण ‘पेंगतात’मध्ये आहे. बाईंना बरं वाटलं. आपणही हेच लिहिलंय, असं त्यांना वाटलं.

मग रंजना हिलम उभी राहिली. पवनानगरच्या वरच्या वाडीतली मुलगी. सकाळी जीपनं कामशेत गाठायची, तिथून रेल्वेनं लोणावळा. वर्गात क्वचित बोलायची.

“मॅडम, यात एक माणूस कमी हाय.”

“कोण?”

“ते न्हाई कळत. पण बघा की. आबा येतात, काढतात, बसतात, विचारतात. ते करतात. पण तांब्या भरलेला असतो. कुणी भरला? भाकरी ‘आलेली असते’. भाकरी आपली आपण चालत येती व्हय?”

वर्ग हसला. रंजना हसली नाही. कागदावर बोट ठेवून ती पुढं म्हणाली, “तीन ओळीत तीनदा तसंच हाय. एकदा असतं तर सोडून दिलं असतं. ज्यानं कुणी लिवलंय त्याला पाणी दिसलं, पाणी ठेवणारी बाई न्हाई दिसली. मला वाटतं, आई असंल. तिला पुसलंय.”

बाईंनी कविता पुन्हा वाचली, दुसऱ्या कुणाची असावी तशी. आई खरंच नव्हती. आणि आई तर हयात होती, इंदुरीत, भावाकडे. आपण तिला कसं विसरलो? त्यांना आधी शरम वाटली. मग कुतूहल वाटायला लागलं आणि शरमेपेक्षा ते जास्त टोचत राहिलं.

शनिवारी त्या तळेगावला उतरून रिक्षानं इंदुरीला गेल्या. त्यांच्या आई कस्तुराबाई ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. बाईंनी कविता वाचून दाखवली आणि म्हणाल्या, “आई, यात तू राहिलीस गं. चुकलं माझं.”

कस्तुराबाईंनी शेंग मोडली. “चुकलं कशानं? मी नसायचीच की तवा.”

“नसायचीस? कुठं असायचीस?”

“शाळंत. साक्षरतेचा वर्ग न्हवता का संध्याकाळचा? सहा म्हैने गेलते मी. भाकरी थापून ठेवायचे नि जायचे.”

“मग ताटात कोण वाढायचं?”

आईनं मान वर करून लेकीकडं पाहिलं. “तूच की. तांब्या तू भरायचीस, दिवा तू लावायचीस. नऊ वर्साची व्हतीस. इसरली व्हय?”

बाईंना खरंच आठवत नव्हतं. आबांचा प्रश्न आठवत होता, त्यांचं पेंगणं आठवत होतं. स्वतःचे हात आठवत नव्हते. त्या तिथंच बसल्या आणि एकेक विचारत गेल्या : वर्ग कुठल्या खोलीत भरायचा, शिकवायला कोण होतं, पहिला शब्द कुठला लिहिलास? आईनं सगळं सांगितलं. पहिला शब्द ‘कस्तुरा’. त्यातलं जोडाक्षर तिला आठवडाभर जमलं नव्हतं.

सोमवारी बाईंनी वर्गाला खरं सांगून टाकलं : कविता माझीच, आणि आई घरात नसायचीच.

रंजनाचा चेहरा उतरला. “म्हंजी माझं चुकलं.”

“नाही. माणूस कमी आहे, हे तू बरोबर पकडलंस, कारण ते कागदावर आहे. ती आई आहे, हे तू बाहेरून आणलंस. ते कागदावर नाही.”

“मग तितं काय लिवायचं?”

“करणारं माणूस कवितेत दिसत नाही, एवढंच. आणि त्यामुळं वाचताना काय होतं, ते.”

रंजनानं ते वहीत लिहून घेतलं. “पण कोण असंल, हे इचारावं तर वाटतंच ना, मॅडम?”

“वाटलंच पाहिजे,” बाई म्हणाल्या. “विचार. पण उत्तर माहीत असल्यासारखं लिहू नकोस.”

परीक्षेपर्यंतचे पाच आठवडे वर्गात हेच चाललं. मुलं आपापल्या ओळी लिहून आणायची आणि एकमेकांच्या वाचायची. विक्कीनंही मोबाइल बाजूला ठेवून बैलबाजारावर चार ओळी आणल्या. तेजलनं त्यांत नाव न घेता आलेले पाच जण मोजले, तेव्हा विक्कीच चकित झाला.

पेपरात कविता आली ती एका बंद पडलेल्या पुलावरची. निकाल लागला. अकराही जण पास झाले. रंजनाला त्या पेपरात वर्गातले सर्वांत जास्त गुण मिळाले. बाईंनी फोन करून अभिनंदन केलं.

“मॅडम,” पलीकडून रंजना म्हणाली, “उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागता येती ना? त्या रसग्रहणाच्या प्रश्नात किती गुण गेले, ते बघायचंय. नि कुठल्या वाक्याला गेले, तेबी.”

“येते की,” बाई म्हणाल्या. “उद्या ये. अर्ज दोघी मिळून भरू. मलाही बघायचंय.”