उपवासाची खिचडी

टेबलावरच्या काचेच्या जगमध्ये पोट साफ करायच्या औषधाचं पाणी आहे. त्यातून पलीकडच्या कॅलेंडरवरची एकादशी स्वच्छ वाचता येते. मागच्या आठवड्यातही असाच जग संपवला होता. नर्स म्हणाली होती, "काका, उद्या उपवास हं." आमच्याकडे उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी. ती खाऊन गेलो. तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, "दुर्बिणीतून नुसते शेंगदाणे दिसले. आतडं साफ नाही, पुन्हा यावं लागेल."

मी भडकलो. "उपवास तुमच्याच माणसानं सांगितला ना? मग पुढची तपासणी फुकट करा!" भंगाराच्या धंद्यात घासाघीस करत उभा राहिलेला माणूस मी. तो राग अजून उतरलेला नाही.

पण खरं सांगतो, नुसते शेंगदाणे म्हटल्यावर मला हायसं वाटलं होतं. थोरल्या भावाला संडासातून रक्त जायचं, तसंच आता मला जातंय. त्याच्या आतड्यात जे दिसलं, त्यानंतर तो दिवाळीही बघू शकला नाही.

"एकच ग्लास उरलाय, संपवा," बायको म्हणते.

"अर्ध्यावर मिटवू या?"

ती हसत नाही. मी ग्लास तोंडाला लावतो. आता आत जे असेल त्याला शेंगदाण्याएवढाही आडोसा उरणार नाही.