फाट्यापर्यंतचा जनसंपर्क

आमचे साडभाऊ, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, नेमकं काय काम करतात हे अख्ख्या वाशिम जिल्ह्यात कुणालाच कळलं नव्हतं. त्यांना तरी कळलं होतं की नाही, याची मला शंका आहे. रिसोडच्या शेतकऱ्यांच्या एका बियाणे कंपनीत ते जनसंपर्क अधिकारी होते. दर रविवारी ते आमच्याकडे येत आणि हिच्या रांगोळीने अंगणात पुढच्या आठवड्याचं नियोजन आखत. कोणत्या गावाला जायचं, काय बोलायचं, लोकांच्या मनात काय उतरवायचं, सगळ्याला बाण. त्या बाणांचा असा काही गुंता व्हायचा की एकदा रिठदला सभा ठेवून हे मानोऱ्याला जाऊन बसले. तिथल्या लोकांनी बिचाऱ्यांनी, कशासाठी ते न विचारता, त्यांचं भाषण ऐकून घेतलं.

पण त्यांचा खरा जीव मोजण्यात. सुरुवातीला ते पेपरातल्या बातम्या शिलाईच्या टेपने मोजत. कंपनीच्या गोदामात पाणी शिरून बियाणं भिजल्याची बातमी फोटोसकट छापून आली, तेव्हा अध्यक्ष डोक्याला हात लावून बसले आणि हे पेढे घेऊन माझ्याकडे आले. "बातमी वाईट असन भाऊ, पन जागा पाहा न केवढी देली," म्हणाले. मी पेढा खाल्ला. अभिनंदन करावं की सांत्वन, ते काही सुचलं नाही.

मग कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांना कुणीतरी सांगितलं, की जागा मोजू नका, लोकांच्या मनातला बदल मोजा. झालं, साडभाऊंची झोप उडाली. शेवटी त्यांना माप सापडलं ते आपल्या पोचवायला जाण्याच्या रीतीत. निघताना घरधनी दारापर्यंत आला तर नुसती ओळख, अंगणाबाहेर आला तर विश्वास, आणि फाट्यापर्यंत आला तर माणूस कंपनीचा झाला. तेव्हापासून ते गावोगाव चहा पीत हिंडायचे आणि निरोप घेतला की चालता चालता सारखं मागे वळून पाहायचे.

त्याच सुमारास कंपनीने ठरवलं, जनसंपर्काचा उपयोग सिद्ध झाला नाही तर ते पदच बंद. साडभाऊ हबकले. साक्षीदार म्हणून मला रिठदजवळच्या एका खेड्यात घेऊन गेले. तिथला एक म्हातारा शेतकरी भर उन्हात आमच्यासोबत फाट्यापर्यंत आला, त्याने हात दाखवून जीप थांबवली, साडभाऊंना स्वतः पुढच्या सीटवर बसवलं. त्यांचे डोळे भरून आले. मी मागे चढत होतो, तर म्हातारा माझ्या कानाशी लागला. "येऊ द्या त्यायले, पन पेरनीत नोको. गाडीत बसोल्याबिगर ते जातच नाईत, मंग मी वावरात कवा जाऊ?"

रिसोड येईपर्यंत साडभाऊ इतके खुशीत होते की म्हाताऱ्याचं ते बोलणं मला सांगवलं नाही.

कंपनीच्या सभेत त्यांनी हे फाट्याचं माप मांडलं. सभासद चक्रावले. कोणी कोणाला कुठवर पोचवलं, यावरून दोघांनी जुनं भांडण उकरून काढलं, आणि त्या गदारोळात पद बंद झालं. निरोप द्यायला अध्यक्ष खुर्चीतूनही उठले नाहीत. हे मला साडभाऊंनीच सांगितलं.

ते लेकीकडे नागपूरला निघाले, तेव्हा मी रिसोडच्या स्टँडवर गेलो. तिथे तो म्हातारा आधीच येऊन उभा होता, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. पेरणीचे दिवस नव्हते, साडभाऊंना गाडीत बसवून देण्याची गरज उरली नव्हती, आणि कंपनीशी तर कुणाचंच काही देणंघेणं नव्हतं. साडभाऊंनी खिडकीतून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "फाट्याच्या पुढं त आपलं मापच नाई भाऊ," ते म्हणाले. "हे कशात मोजाव?"

एसटी निघून गेली.

म्हातारा थोडा वेळ रस्त्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "लय चांगला मानूस. पन काम काय करत होते जी ते?"

त्याच्या गावाकडची जीप लागली होती. मीही तिच्यात बसलो, आणि त्याला फाट्यापर्यंत पोचवून आलो.