दीड गोळी

"तुमची थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा खूप जास्त काम करते आहे," मी शिकायला गेले होते त्या जर्मनीतल्या डॉक्टरांनी सांगितलं. याला ग्रेव्हज डिसीज म्हणतात. आपलंच शरीर गळ्यातल्या त्या छोट्या ग्रंथीला चुकीचे हुकूम देतं. छाती का धडधडते, हात का थरथरतात, हे मला तेव्हा कळलं. गोळ्यांनी आटोक्यात आलं नाही, तर ग्रंथी काढावी लागेल, असंही ते म्हणाले.

त्या दवाखान्यात मी एकटीच गेले होते. तिकडे सगळे तसेच जातात. कोणी काही विचारत नाही, डोस छापून हातात देतात. मला ते फार सोयीचं वाटायचं. मात्र त्या तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मिळायला दोन महिने लागले होते. तोवर जिना चढताना मी मधेच बसायचे.

एका सत्राची सुट्टी घेऊन तळेगावला घरी आले. इथे रक्त सकाळी दिलं, रिपोर्ट संध्याकाळी. डॉक्टर दुसऱ्याच दिवशी भेटले. आई बरोबर यायला निघाली, तर मीच म्हटलं, "मी लहान आहे का?"

महिन्याभराने डॉक्टर म्हणाले, "छान. तीन गोळ्या चालू आहेत ना? आता दीड घ्या." माझ्या चिठ्ठीवर फक्त गोळीचं नाव होतं. बाहेर गर्दी होती. मी मान डोलावली.

माझी सगळी शाळा इंग्रजी माध्यमात झाली. दीड आणि अडीच यांत माझा कायम गोंधळ होतो. तीनवरून कमी केली म्हणजे अडीच, असं मी धरलं. घरी आईला विचारायला एक मिनिट लागलं असतं. लाज वाटली.

सहा आठवड्यांत चेहरा सुजला. दिवसभर झोप यायची, ऐन मे महिन्यात थंडी वाजायची. वाटलं, संपलं, आता ऑपरेशनच.

तपासणीच्या दिवशी वजन घेणाऱ्या मावशी जवळच्या परंदवडी गावच्या होत्या. "एकटीच आलीस व्हय?" म्हणाल्या. मग फाईल बघत विचारलं, "गोळ्या किती खातीस?"

"अडीच."

"हितं तर दीड लिवलंय! अगं बाय, दीड म्हंजी एक आन् अर्धी. साळंत न्हाई शिकवलं?"

"इंग्रजी शाळा होती, मावशी."

"मंग इंग्रजीत इचारायचं. पर इचारायचं!"

रांगेतले लोक हसले. मीसुद्धा.

रक्तात टीएसएच हे संप्रेरक वाढलं होतं. ते वाढलं म्हणजे ग्रंथी मंदावली. डॉक्टरांनी डोस सुधारला आणि कागदावर आकड्यात लिहून दिला. "ऑपरेशन?" मी विचारलं. "कशाला? गोळी लागू पडतेय. तुम्ही ती जास्त घेतलीत, एवढंच." पुढच्या दोन्ही तपासण्या चांगल्या आल्या.

कुठलं आयुष्य चांगलं, तिकडचं की इकडचं, असं मला सगळे विचारतात. तिकडे रुंद फुटपाथ आहेत, शांतता आहे, आणि चुकायला जागाच राहू नये इतकं सगळं छापलेलं असतं. इकडे चूक झाली, पण ती वजनकाट्याजवळ उभ्या असलेल्या बाईंनी चौकशा करून पकडली. तुम्हाला हा आजार झाला, तर घाबरू नका. डोस मात्र स्वतःच्या तोंडाने परत म्हणून दाखवा.

परत गेल्यावर पहिल्या तपासणीला मी वर्गातल्या एका जर्मन मैत्रिणीला बरोबर चल म्हटलं. ती दचकली. "काही गंभीर आहे का?"

"नाही गं," मी म्हटलं, "नुसती सोबत."

'सोबत' तेवढं मराठीतच तोंडून गेलं; तिच्या भाषेत त्याला काय म्हणायचं ते मला सुचेना. ती आली मात्र.