साठीपुढच्या प्रवाशांसाठी दोन ओळी

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सदुसष्ट वर्षांच्या एक निवृत्त भूगोल शिक्षिका बडोदे स्थानकावर कारवारकडे जाणाऱ्या गाडीत बसल्या. त्या एकट्या होत्या. त्यांना जोगचा धबधबा पाहायचा होता. सोळा दिवस आधी, रविवारच्या पुरवणीत, त्यांच्या वयाच्या माणसांनी असे करू नये असे आमच्या वृत्तपत्राने छापले होते. ती ओळ मी लिहिली होती.

कोकण रेल्वे सुरू होऊन थोडी वर्षे झाली होती. आमच्या कार्यालयात मोबाइल फक्त संपादकांकडे होता. वृत्तपत्र मराठी आणि लहान होते: रोजची आठ पाने आणि रविवारी चार पानांची पुरवणी. ते नागरवाड्यातल्या जुन्या मराठी घरांत, रेल्वे आणि रिफायनरीच्या वसाहतींत आणि मकरपुऱ्याच्या कारखान्यांत वाचले जाई.

सातम-आठमच्या, म्हणजे जन्माष्टमीच्या, सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या. गुजरातेत या दिवसांत अर्धे शहर बाहेरगावी जाते. त्या पुरवणीसाठी ‘कोणी कसा प्रवास करावा’ हे पान माझ्याकडे आले. पाच चौकटी ठरल्या: लहान मुले असलेले, नवविवाहित, कामानिमित्त फिरणारे, गावी जाणारे कामगार आणि ज्येष्ठ नागरिक. संपादकांची अट एकच होती. “सल्ला हीसुद्धा बातमीच. कोणी सांगितला ते मला कळलं पाहिजे. स्वतः केलेलं असेल त्याचंच घ्या.”

त्याप्रमाणे माणसे शोधली. नागरवाड्यातली जुळ्या मुलांची एक आई वर्षातून दोनदा इंदूरला जात असे. तिने सांगितले की मुलांचा एकेक कपड्यांचा जोड वेगळ्या पिशवीत भरावा, म्हणजे रात्री सगळी बॅग उपसावी लागत नाही. आणि खिडकी दोघांना द्यावी, नाहीतर कोणालाच देऊ नये. मकरपुऱ्यातला बेअरिंग विकणारा एक गृहस्थ महिन्यातले वीस दिवस बाहेर असे. त्याचा सल्ला: लॉजमध्ये आधी नळ सोडून बघावा, पलंग नंतर. खानदेशात जाणाऱ्या कामगारांनी सांगितले की सुरतेला गाडी बदलताना घोषणा पूर्ण ऐकल्याशिवाय पूल चढू नये. नवविवाहितांपैकी कोणी बोलेना. शेवटी पान लावणारा आमचा गुजराती ऑपरेटरच पुढे आला. त्याच्या लग्नाला चार महिने झाले होते. तो म्हणाला, “दोघांचं सामान एका बॅगेत भरायचं नाही.” का, असे विचारल्यावर म्हणाला, “तुमच्या घरी विचारा ने.”

ज्येष्ठ नागरिकांची माहिती रेल्वेच्या एका निवृत्त कारकुनाकडून घेतली. औषधे दोन ठिकाणी ठेवावीत, डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असावी, खालच्या बर्थसाठी आरक्षणाच्या अर्जावर वय नीट लिहावे. मजकूर चांगला होता, पण कमी भरला. शनिवारी संध्याकाळी सात वाजता ऑपरेटर पडद्यावरून मान न वळवता म्हणाला, “साहेब, बे लीटी खूटे छे.” दोन ओळी कमी पडत होत्या. कारकुनाकडे फोन नव्हता. मी उभ्याउभ्या सांगितले: ‘साठीनंतर लांबचा प्रवास एकट्याने शक्यतो टाळावा. सोबत कोणी असेल याची खात्री करावी.’ ओळी चौकटीत बरोबर बसल्या. पान छपाईला गेले.

मंगळवारी सकाळी अकराला त्या शिक्षिका कार्यालयात आल्या. हातात कातरलेली चौकट होती. तिच्या चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी होती.

“ही शेवटची ओळ कोणी लिहिली?”

“मी.”

“वय काय तुझं?”

“चौतीस.”

“म्हणजे साठीनंतरचा प्रवास तू केलेला नाहीस. मग कोणी सांगितलं?”

उत्तर पाठीमागून ऑपरेटरने दिले. “बेन, तिथे जागा खाली होती.”

“जागा रिकामी होती म्हणून माझं तिकीट रद्द?” बाई खुर्ची ओढून बसल्या. “ऐका आता दोघंही.”

त्यांनी मुलींच्या शाळेत एकोणतीस वर्षे भूगोल शिकवला होता. दरवर्षी एकदा फळ्यावर जोगचा धबधबा काढायचा, पांढऱ्या खडूने चार धारा ओढायच्या आणि हा भारतातला सर्वांत उंच, असे सांगायचे. निवृत्त झाल्यावर त्यांच्या वाचनात आले की सर्वांत उंच दुसराच आहे.

“पहिलं पुस्तकात होतं. दुसरंही पुस्तकातच. मी काहीच पाहिलेलं नाही. तू दोन ओळी न बघता लिहिल्यास, मी एकोणतीस वर्षं न बघता शिकवलं. तेव्हा तुला फार बोलायचा मला अधिकार नाही. पण माझं तिकीट मला परत हवंय.”

तिकीट त्यांनी जूनमध्येच काढले होते. मुलगा मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. हरणीच्या सोसायटीत तिघे राहत: बाई, मुलगा आणि सून. कारखान्यात वार्षिक दुरुस्तीचे काम असल्याने त्याला रजा नव्हती. पुढच्या वर्षी जाऊ, असे तो म्हणत होता. बाई ऐकत नव्हत्या. तो निम्मा तयार झाला होता. रविवारी सकाळी त्याने पुरवणी वाचली, चौकट कातरून फ्रिजवर चिकटवली आणि तिकीट आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावले.

“भिंतीवर लिहिलेलं सगळं पाळायचं, हीच त्याची नोकरी,” बाई म्हणाल्या. “मी शंभर वेळा सांगितलं तर ते आईचं बोलणं. तू एकदा छापलंस तर तो नियम.”

संपादक आतून ऐकत होते. बाहेर येऊन त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाले, “बाई, दुरुस्ती छापू. पण नुसतं ‘चुकलं’ असं आम्ही छापत नाही. बरोबर काय तेही द्यावं लागतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “शनिवारपर्यंत. साठीपुढच्या, एकट्यानं लांब गेलेल्या. प्रत्येकीला स्वतः भेटायचं.”

चार दिवसांत सात बायका भेटल्या. एकाहत्तर वर्षांच्या एक जण दरवर्षी एकट्या नागपूरला लेकीकडे जात. त्यांनी सांगितले, “उतरायचं स्टेशन तिघांना सांगून ठेवायचं. एकाला सांगितलं तर तो झोपतो.” बेळगावला जाणाऱ्या दुसऱ्या एकीचा नियम होता की घरच्यांना पोचण्याची वेळ दोन तास उशिराची सांगावी. “म्हणजे आपण पोचेपर्यंत त्यांची काळजी सुरूच होत नाही.” चपला रात्री बर्थखाली न सोडता पिशवीत घालून उशाशी घ्याव्यात, यावर सातांपैकी पाच जणींचे एकमत होते.

साठीपुढचे पुरुषही शोधले. तीन मिळाले. त्यांतल्या दोघांनी सांगितले की एकट्याने जमत नाही; औषधे कुठल्या कप्प्यात आहेत हे पत्नीलाच माहीत असते.

रेल्वे कॉलनीतल्या एका तिकीट तपासनिसाला विचारले, एकट्या म्हाताऱ्या बायका कुठे अडतात? तो हसला. “त्या अडत नाहीत, मला अडवतात. गाडी किती लेट आहे ते माझ्याआधी त्यांना माहीत असतं. गाडी चुकते ती चाळिशीतल्या बाप्यांची. पाण्याची बाटली भरायला उतरतात आणि भजी घ्यायला थांबतात.”

पुढच्या रविवारी हे सगळे छापले. वर एक वाक्य दिले: गेल्या रविवारची शेवटची सूचना कोणाच्याही अनुभवावर आधारलेली नव्हती.

सोमवारी दुपारी मुलगा आला. कारखान्याचे जाड बूट पायात, दोन्ही रविवारची कात्रणे हातात.

“गेल्या आठवड्यात जाऊ नका, या आठवड्यात जा. मी कुठलं धरायचं?”

“ज्यात माणसं आहेत ते,” संपादक म्हणाले. “आधीच्यात नव्हती. बसा. चहा घ्याल?”

“साहेब, माझ्याकडे परमिटशिवाय कोणी शिडीवर चढत नाही. आणि ही बाई दरीच्या तोंडाशी जायचं म्हणतेय. पावसाळ्यात. एकटी.”

“आईंनी याआधी मुलींना घेऊन सहली नेल्या असतील.”

“दरवर्षी. पावागढ, सापुतारा, एकदा दीव. चाळीस-चाळीस मुली.”

“एखादी हरवली?”

“एक हरवली होती. आईनं दहा मिनिटांत शोधली आणि तीन दिवस बोलली नाही तिच्याशी.”

“म्हणजे चाळीस जणी सांभाळता येतात, एक नाही?”

मुलगा खुर्चीवर बसला. ऑपरेटरने चहा आणून ठेवला आणि म्हणाला, “मोटाभाई, तुमच्याकडे परमिट लागतं ने? मग आपी दो. देऊन टाका.”

पुढचे मला सुनेने सांगितले. त्या संध्याकाळी त्याने खरोखरच परमिट तयार केले. कारखान्यातल्या नमुन्यावर: कामाचे ठिकाण, कालावधी, संभाव्य धोके, अटी. अटी चौदा होत्या. बाईंनी पेन्सिल घेऊन तीन खोडल्या. दरीच्या कठड्यापासून दोन मीटर लांब उभे राहावे, ही त्यांतली एक. “दोन मीटरवरून मला कठडाच दिसेल,” त्या म्हणाल्या. रोज दुपारी बाराला फोन करण्याची अट त्यांनी मान्य केली. शनिवारी सकाळी आठच्या बसने जोग सोडायचे, हीही केली, कारण त्या रात्रीच कारवारहून परतीची गाडी होती. दोघांनी सही केली. साक्षीदार म्हणून सुनेची सही घेतली. मग कपाट उघडले.

बाई त्यापुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी निघाल्या. बुधवारी बाराला कारवारच्या एसटीडी बूथवरून त्यांनी मुलाच्या कारखान्यात फोन केला. उतरायचे स्टेशन तिघांना सांगितले होते, तिघेही झोपले, पण समोरच्या बाकावरचे दोन महिन्यांचे बाळ रडल्याने सगळा डबा वेळेवर जागा झाला. संध्याकाळी त्या बसने होन्नावरमार्गे जोगला पोचल्या. गुरुवारी बाराला पुन्हा फोन आला. धुके होते. धबधबा दिसला नव्हता.

शुक्रवारी बाराला फोन आला नाही.

एकला मुलाने घरी विचारले, तिथेही नव्हता. तीन वाजता तो आमच्या कार्यालयात आला. संपादकांनी बाईंना आमचाही नंबर दिला होता, चार ओळी मिळतील म्हणून. तो फोनशेजारच्या खुर्चीवर बसला. ऑपरेटरने दोनदा चहा दिला. दोन्ही कप तसेच राहिले. चार वाजता त्याने मला विचारले, “तुम्ही त्या दोन ओळी लिहिताना मनात काही असेल ना? काहीतरी ऐकलेलं?”

“नाही. खरंच नाही.”

“ऐकलेलं असतं तर बरं झालं असतं. कशाला घाबरायचं ते तरी कळलं असतं,” तो म्हणाला.

चार वीसला घंटा वाजली. मी फोन उचलला. लाइनवर खरखर होती.

“जोगचे फोन सकाळपासून बंद आहेत. बारा किलोमीटर जीपनं आलेय फोन करायला,” बाई म्हणाल्या. “कारखान्याचा लागत नाही, घरचाही नाही. त्याला कळव, मी ठीक आहे म्हणून.”

“तो इथेच आहे.”

“तिथं? मग कारखाना कोण बघतंय?”

मी रिसीव्हर त्याच्या हातात दिला. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती.

“आई, जेवलीस? ... हं. औषध? ... बरं. दिसला का? ... अजिबात नाही? ... नुसता आवाज?” मग तो म्हणाला, “कठड्याला टेकून तरी काही दिसतं का? ... नाही, टेक तू. मी कुठं काय म्हणतोय. सकाळी साडेआठ-नऊपर्यंत धुकं राहणारच तिथं. आठच्या बसनं नको निघूस. एकची बस आहे ना होन्नावरची? तिनं निघ. रात्रीची गाडी मिळते. ... हो, परमिटमध्ये लिहिलंय, मला माहितीये. मीच लिहिलंय. मी बदलतोय.”

फोन ठेवल्यावर त्याने माझ्या टेबलावरचा कागद ओढून पेनाने हिशेब मांडला: जोग ते होन्नावर, होन्नावर ते कारवार, मध्ये एक तास राखून. तो कागद ऑपरेटरला दाखवला. ऑपरेटर म्हणाला, “थई जशे.” होऊन जाईल.

शनिवारी संध्याकाळी कारवारहून फोन आला. मी टिपून घेतले. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी धुके फाटले. पाणी भरपूर होते. चारही धारा वेगळ्या दिसल्या. फळ्यावर काढायच्या त्यापेक्षा एक धार बरीच डावीकडे होती. कठड्याजवळ एका तरुण नवऱ्याला दरी बघून घेरी आली. त्याला बाईंनी धरून खाली बसवले आणि त्याच्या बायकोकडून पाणी मागून घेतले. साडेअकराला धुके परत आले.

“म्हणजे वीस मिनिटं,” मी म्हणालो.

“वीस. घड्याळ बघून सांगतेय.”

एकची होन्नावरची बस त्यांना मिळाली. हे मुलाकडूनही पडताळून घेतले. ती जोगहून सात मिनिटे उशिरा सुटली आणि बाईंना खिडकीची जागा मिळाली होती.